खडा पडला, पण कशाने पडला?

चंद्रभागा · रविवार, सकाळी ८:४०

आमच्याकडे परवा मुतखडा पडला. नवऱ्याचा. अकराव्या दिवशी, पहाटे, चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीत. टक्कन आवाज आला म्हणाले. ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, आणि खिडकीशी नेऊन बघितला तर एका अंगाला साखरेच्या कणांसारखे बारीक काटे. एवढ्याशा त्या दाण्याने सहा फूट माणूस रात्री दोन वाजता फरशीवर गडाबडा लोळला होता. खडा कागदाच्या पुडीत बांधून ठेवलाय, तपासायला द्यायचा आहे.

सीटी स्कॅनमध्ये ५ एमएमचा दिसला होता, उजव्या मूत्रवाहिनीत, मूत्राशयाच्या तोंडाशी. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. रोज रात्री टॅम्सुलोसिनची, म्हणजे मूत्रवाहिनी सैल करणारी, गोळी सुरू झाली. सासूबाईंनी दोन वेळा कुळथाचं कढण दिलं. समोरच्या काकांनी कुंडीतली पानफुटीची पानं आणून दिली, उपाशीपोटी चावून खायला. ऑफिसातल्या एकाने होमिओपॅथीचे थेंब दिले. हे सगळं एकाच वेळी चालू होतं. खडा पडल्यावर प्रत्येकाला वाटलं की आपल्याच उपायाने पडला, आणि प्रत्येकाचा आनंद खरा होता.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्या डोक्यात भलताच प्रश्न घोळत राहिला. यातलं काहीच दिलं नसतं तर? याचं उत्तर आमच्या घरात मिळणं शक्य नाही, कारण काहीच न घेतलेला माझा नवरा कुठेच नाही. त्यासाठी शेकडो माणसं लागतात, आणि त्यांना कोणती गोळी मिळाली हे त्यांनाही माहीत असून चालत नाही.

असा एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. नाव सस्पेंड, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २४ रुग्णालयं, ११६७ रुग्ण, सगळ्यांचा खडा मूत्रवाहिनीत अडकलेला आणि १० एमएमपर्यंतचा. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एकाला टॅम्सुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन हे रक्तदाबाचं औषध, तिसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांत खड्यासाठी आणखी कुठलीही प्रक्रिया करावी लागली नाही, असे किती, हे मोजलं. टॅम्सुलोसिन ८१ टक्के. निफेडिपिन ८० टक्के. रिकामी गोळी, तीही ८० टक्के.

हा तिसरा ८० बघून मी खुर्चीत मागे टेकून बसले. त्या गटातल्या शंभरातल्या ऐंशी जणांना कुणी पानफुटी दिली असती तर आज ऐंशी जण शपथेवर सांगत असते की पानफुटीने गुण आला. आणि ते खोटं बोलत नसते.

तुमचे अनुभव लिहा. मला खरोखर ऐकायचे आहेत, विशेषतः खडा पडला नाही त्यांचे. ते कुणी सांगत नाही.

माळरान · रविवार, सकाळी ९:२२

ताई, मी त्या पानफुटीवाल्यांपैकीच. २०१२ मध्ये ६ एमएमचा होता, आठ दिवस पानं खाल्ली, नवव्या दिवशी पडला. गावात निदान पंधरा जणांना मी पानं दिली असतील. बहुतेकांचे पडले. आता लंडनचा कागद आणून माझा अनुभव खोटा ठरवणार का?

चंद्रभागा · रविवार, सकाळी १०:०५

माळरानदादा, तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. पानं खाल्ली हे खरं, खडा पडला हेही खरं. मला शंका आहे ती मधल्या 'म्हणून' या शब्दाची. आणि ती शंका मी टॅम्सुलोसिनबद्दलही तितकीच घेते, त्या गोळीला मी वेगळी वागणूक देत नाही. पंधरापैकी 'बहुतेकांचे' पडले म्हणता, तर ज्यांचे पडले नाहीत ते किती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे आठवतं का?

माळरान · रविवार, सकाळी १०:४८

दोघांचं आठवतं. एकाला पुढे पुण्याला नेऊन दुर्बिणीने काढावा लागला. दुसरा आमचा चुलतभाऊ, त्याचं नंतर लिहितो. जरा अवघड आहे.

निळेगाव · रविवार, दुपारी १:३०

मी मूत्ररोग विभागात काम करतो. चंद्रभागा यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण चित्र तिथे संपत नाही.

सस्पेंडवर आक्षेप आला तो असा की त्यांनी 'पुढची प्रक्रिया लागली का' हे मोजलं, खडा बाहेर पडला की नाही हे प्रत्येकाचं सीटी करून बघितलं नाही. शिवाय बहुतेकांचे खडे ५ एमएम किंवा त्याहून लहान होते, ते असेही पडतात. मग २०१८ साली अमेरिकेत ५१२ रुग्णांवर अभ्यास झाला, ९ एमएमपेक्षा लहान खडे. २८ दिवसांत खडा पडला असे टॅम्सुलोसिनने ५० टक्के, रिकाम्या गोळीने ४७. एवढा फरक नशिबानेही पडतो. त्याच साली चीनमधून ३० केंद्रांवरचा, ३२९६ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, फक्त मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातले ४ ते ७ एमएमचे खडे घेऊन. तिथे ८६ विरुद्ध ७९ टक्के, आणि तो फायदा सगळा ५ एमएमच्या वरच्या खड्यांत. लहान खड्यांना गोळीने काही फरक पडला नाही.

म्हणून ५ ते १० एमएमचा खडा खाली अडकलेला असेल तर मी आजही ही गोळी देतो, आणि ३ एमएमला देत नाही. गोळीने चक्कर येऊ शकते, उठताना सावकाश उठा, हेही सांगतो.

हे अभ्यास कोणावर झाले तेही बघा. ज्यांना वाट बघणं सुरक्षित आहे त्यांच्यावर. खडा अडकलाय आणि थंडी वाजून ताप आला, तर तो माणूस या कुठल्याच आकड्यात बसत नाही. त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. किडनी एकच असेल, लघवी पूर्ण बंद झाली असेल, उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल किंवा बाई गरोदर असेल, तरीही घरी थांबायचं नाही.

सई_दोहा · रविवार, दुपारी २:१५

मी दोह्यात नर्स आहे. इथे उन्हाळ्यात कळेचे पेशंट एकामागून एक येतात, उन्हात काम करणारी माणसं. याच शहरातल्या हमद रुग्णालयात कळेच्या औषधांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये लॅन्सेटमध्येच आला. १६४५ रुग्ण. एका गटाला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन स्नायूत, दुसऱ्याला शिरेतून पॅरासिटामॉल, तिसऱ्याला शिरेतून मॉर्फिन. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलेले अनुक्रमे ६८, ६६ आणि ६१ टक्के. त्रासही मॉर्फिनचाच जास्त.

लोकांना वाटतं, जितकं मोठं दुखणं तितकं जहाल औषध हवं. या दुखण्याला तसं लागत नाही. पण डायक्लोफेनॅक म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारी गोळी, म्हणून मनाने घेऊ नका. किडनी आधीच कमजोर असेल किंवा पोटात अल्सर असेल तर तीच गोळी नुकसान करते.

गवळण · रविवार, सायंकाळी ५:०२

माझा प्रश्न साधा आहे. दोनदा खडा झाला. तेव्हापासून घरच्यांनी दूध, दही, पनीर, टोमॅटो, वांगी सगळं तोडलंय. चार वर्षं झाली. गुडघे दुखतात, आता पाठही. खडा कॅल्शियमचा असतो म्हणून कॅल्शियम बंद. हे बरोबर आहे का?

निळेगाव · रविवार, रात्री ९:१०

गवळणताई, हे तोडलेलं ताबडतोब तुमच्या डॉक्टरांना सांगा. मी इतके पेशंट असे बघितलेत की वाईट वाटतं.

इटलीत पार्मा इथे बोर्गी आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर पाच वर्षं घालवली. वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे १२० पुरुष, सगळ्यांच्या लघवीत कॅल्शियम जास्त. म्हणजे कॅल्शियम तोडण्याचा फायदा व्हायचाच तर यांना व्हायला हवा. साठ जणांचं दूधदुभतं तोडलं, दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमवर आणलं. उरलेल्या साठ जणांना नेहमीसारखं, १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत दूध तोडलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. दूध घेणाऱ्यांपैकी १२ जणांना. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. एवढ्या वर्षांत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलं नाही.

याचं कारण आतड्यात आहे. पालक, अळू, शेंगदाणे, काजू, चहा यांतून ऑक्झलेट येतं. जेवणात कॅल्शियम असेल तर ते दोघं आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे जातात. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ऑक्झलेट मोकळं रक्तात शिरतं, लघवीत उतरतं आणि तिथे खडा धरतं. मीठ जास्त असलं की किडनी लघवीत कॅल्शियमही जास्त सोडते. तेव्हा हात आखडायचा तो लोणचं, पापड, फरसाणावर. टोमॅटो-वांग्याने तुमचं काही बिघडवलेलं नाही.

फक्त कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे, त्या विचारल्याशिवाय सुरू करू नका. ताटातलं कॅल्शियम वेगळं, रिकाम्या पोटी घेतलेली गोळी वेगळी.

गवळण · रविवार, रात्री ९:३४

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या दारात म्हैस आहे हो. चार वर्षं मी दुसऱ्यांना दूध घालतेय.

केशरमाळ · रविवार, रात्री १०:११

आजी पालकाच्या भाजीबरोबर ताक द्यायचीच. तिला ऑक्झलेट माहीत नव्हतं, पण ताट बरोबर होतं.

डबलबेल · सोमवार, सकाळी ६:२०

मी एसटीत वाहक आहे, एकवीस वर्षं. तीन खडे झाले. सगळे सांगतात पाणी प्या. कुठे प्या? सकाळी सहाची गाडी, स्टँडवरचं स्वच्छतागृह म्हणजे नाकाला रुमाल लावून जायचं, मधल्या थांब्यांवर तेही नाही. म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही सवय लागते. आमच्या महिला वाहक तर घरून निघाल्यापासून घोटही घेत नाहीत. किती पाणी प्यायचं याचा काही हिशेब आहे का, की नुसतं 'भरपूर'?

चंद्रभागा · सोमवार, सकाळी ७:४५

दादा, हिशेब आहे, आणि तो प्यायलेल्या पाण्याचा नाही, झालेल्या लघवीचा आहे. तोही पार्माच्याच बोर्गींचा अभ्यास, १९९६ सालचा. पहिल्यांदाच खडा झालेले १९९ जण. निम्म्यांना सांगितलं, दिवसाला दोन लीटर तरी लघवी झाली पाहिजे एवढं पाणी प्या. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाणी पिणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्या १०० पैकी २७ जणांना. एवढा फरक पाडायला खर्च पाण्याचा.

तुमच्यासारख्याला मात्र घामाने किती जातं यावर सगळं आहे. नागपूरच्या मे महिन्यात तीन लीटर प्यायलात तरी लघवी एक लीटरच होईल. रंग बघत राहा, गवताच्या काडीसारखा फिका पिवळा असला पाहिजे. पण तुम्ही लिहिलेलं खरं दुखणं स्वच्छतागृहाचं आहे. पिऊन जायला जागाच नसेल तर त्या बाईंना 'भरपूर पाणी प्या' सांगून उपयोग काय? हे कुणीतरी आगारात लेखी मागितलं पाहिजे.

डबलबेल · सोमवार, रात्री ८:५०

लेखी दिलं होतं, दोनदा. आता हे आकडे जोडून तिसऱ्यांदा देतो. मी स्वतःपुरतं एक केलंय. शेवटची फेरी संपली की घरी येईपर्यंत एक लीटर, आणि रात्री झोपताना दोन पेले. रात्री एकदा उठावं लागतं. तिसऱ्या खड्याला सहा वर्षं झाली.

सरस्वती_मावशी · सोमवार, रात्री ९:१५

आमच्या ह्यांना खडा पुन्हा होऊ नये म्हणून हायड्रोक्लोरोथायझाइड सुरू आहे. मुलाने वाचलं की स्वित्झर्लंडच्या अभ्यासात ती गोळी निरुपयोगी ठरली. बंद करू का?

निळेगाव · सोमवार, रात्री १०:३०

मावशी, मनाने बंद करू नका. तो नोस्टोन अभ्यास, २०२३ सालचा, ४१६ रुग्ण, जवळपास तीन वर्षं पाठपुरावा. पुन्हा खडा होण्याचं प्रमाण रिकाम्या गोळीने ५९ टक्के, १२.५ मिलिग्रॅमने ५९, २५ ने ५६ आणि ५० ने ४९. आम्ही पिढ्यानपिढ्या हीच गोळी लिहीत आलो होतो, त्यामुळे हा निकाल पचवणं सोपं नव्हतं. पण काकांना ती रक्तदाबासाठीही दिली असू शकते. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'ही कशासाठी आहे' एवढंच विचारा.

पाटकुल · सोमवार, रात्री १०:४२

शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून लहरी देऊन, फोडावा की दुर्बिणीने काढावा? मूत्रवाहिनीत ८ एमएम आहे.

निळेगाव · सोमवार, रात्री ११:००

ब्रिटनच्या टिसू अभ्यासात ६१३ रुग्ण होते. शॉकवेव्हने सुरुवात केलेल्यांपैकी २२ टक्क्यांना पुन्हा काही करावं लागलं, दुर्बिणीवाल्यांपैकी १० टक्क्यांना. शॉकवेव्हला भूल बहुधा लागत नाही, स्टेंट (मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवतात ती नळी) टाळता येतो. एकदाच काय ते संपवायचं की हलकं आधी करून बघायचं, ही निवड तुमची आहे, आणि डॉक्टरांनी ती तुम्हाला करू दिली पाहिजे.

माळरान · मंगळवार, सकाळी ७:०५

चुलतभावाचं लिहितो म्हणालो होतो. पानं खाल्ल्यावर पाचव्या दिवशी त्याची कळ थांबली. आम्ही सगळे म्हणालो, विरघळला. गाळून कुणी बघितलंच नाही. दीड वर्षाने दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तर खडा तिथेच, आणि डावी किडनी सुजून पातळ फुग्यासारखी झालेली. फार थोडं काम करत होती. शेवटी काढावी लागली. चौतीस वर्षांचा होता.

पानं मी दिली होती. हे आजपर्यंत कुणाला बोललो नाही.

निळेगाव · मंगळवार, सकाळी ७:५०

माळरान, तुम्ही प्रेमाने दिलं. चूक झाली ती पुढची तपासणी न होण्यात, आणि ती चूक माझ्या पेशंटांच्या बाबतीतही होते, माझीच गोळी घेऊन. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. तुंबलेली किडनी काही दिवसांनी दुखायची थांबते आणि आतल्या आत संपत जाते. खडा हातात आला नसेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी किंवा सीटी केलंच पाहिजे. कुळीथ खा, पानं खा, मी भांडणार नाही. ही तपासणी मात्र चुकवू नका.

जुईली · मंगळवार, सकाळी ९:३०

याला जोडूनच. माझ्या आईचा खडा दुर्बिणीने काढला तेव्हा आत स्टेंट ठेवला होता. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलं होतं, तेही इंग्रजीत. आम्हाला तोंडी कुणी सांगितलं नाही. चौदा महिन्यांनी लघवीतून रक्त आलं तेव्हा कळलं. तोवर त्या नळीवरच खडे चढले होते, काढायला दोन ऑपरेशनं लागली. ज्यांच्या घरी स्टेंट असेल त्यांनी काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

बारावमोट · मंगळवार, दुपारी १२:१०

मी एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची समन्वयक आहे. रिकाम्या गोळीबद्दल लोकांच्या मनात केवढी भीती असते ते रोज बघते. गेल्या महिन्यात एक आजोबा संमतीपत्र हातात धरून म्हणाले, "म्हंजे मला पिठाची गोळी देऊन मरायला सोडनार का?" मी त्यांच्याशेजारी बसून सगळं मराठीत वाचून दाखवलं. कळेचं औषध सगळ्यांना मिळणार. बिघडलं तर लगेच ट्रायलमधून बाहेर काढून उपचार. कोणाला कुठली गोळी हे संगणक ठरवतो, डॉक्टरांनाही माहीत नसतं. आणि 'नाही' म्हणालात तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही. त्यांनी अर्धा तास विचार केला, मुलाला फोन लावला आणि 'नको' म्हणाले. मला बरं वाटलं, कारण ते समजून 'नको' म्हणाले.

कुणाला ट्रायलसाठी विचारलं तर नोंदणी क्रमांक मागा. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. काय मोजणार, किती जणांत मोजणार, हे पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे जाहीर करावं लागतं. नाहीतर निकाल बघून मग 'आम्हाला हेच मोजायचं होतं' म्हणायला वाव राहतो. कुणीही उघडून वाचू शकतं. सस्पेंडमधल्या त्या ११६७ जणांनी 'मला काहीही मिळालं तरी चालेल' म्हणून सही केली, म्हणून आज आपण इथे ८० आणि ८१ वर बोलतोय.

माळरान · मंगळवार, रात्री ८:२०

चंद्रभागाताई, परवा तुम्हाला जरा टोचून बोललो. माझ्याकडे अजून लोक पानं न्यायला येतात. आजपासून पानांबरोबर चिठ्ठी देतोय, 'गाळून बघा, ताप आला तर दवाखाना, महिन्याने सोनोग्राफी'. मुलाने छापून दिल्या.

चंद्रभागा · शनिवार, सकाळी १०:००

माळरानदादा, त्या चिठ्ठीचा मजकूर इथे टाका, मी आमच्या समोरच्या काकांना देते.

आमचा निकाल आला. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. मग निळेगाव यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांना विचारून चोवीस तासांची लघवी तपासली. लॅबने पाच लीटरचा पांढरा कॅन दिला होता. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत सगळं त्यात. नवरा ठामपणे म्हणत होता की मी भरपूर पाणी पितो. कॅन उचलला तेव्हाच हाताला हलका लागला. ११५० मिली भरली. सोडियम, म्हणजे मिठातलं, मर्यादेच्या बरंच वर.

सासूबाईंनी रिपोर्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. कुळथाचं कढण बंद केलेलं नाही, पण मीठ निम्मं घालतात आता, आणि त्याच्या डब्यात ताकाची बाटली असते. काल रात्री त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेवला होता, पहाटे बघितला तर रिकामा. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. कॅन किती भरतो ते इथेच लिहीन.